तांदळात लिहिलेली मधमाशी

माझं नाव दबोरा. आलापल्लीच्या पोरीला असलं नाव काऊन, असं लहानपणापासून जो तो विचारतो. तर ऐका एकदाचं! बाबा जंगलातून मध आणायचे. माझ्या वेळी आई मरता मरता वाचली, ती दवाखान्यातल्या सिस्टरबाईंमुळे. बाबा त्यांच्यासाठी मध घेऊन गेले, तर त्या म्हणाल्या, "पोरीला माझ्या आईचं नाव ठेवा." नाव हिब्रू, अर्थ मधमाशी. बाबांना आणखी काय पाहिजे! यहुद्यांच्या जुन्या कथेतली दबोरा खजुरीच्या झाडाखाली बसून लोकांचे निवाडे करायची, हे पुढे सिस्टरबाईंनीच मला सांगितलं. तेव्हापासून मला त्या नावाचा भारी तोरा.

लग्न ठरलं भद्रावतीला, आमच्याच पसंतीनं. सगळं जमलं, नावावर अडलं.

"माशी कोन घरात घेते, बाई?" सासूबाई म्हणाल्या. "मधावरून काईतरी गोड ठेवू."

व्वा! मध पाहिजे, माशी नको. माझं डोकंच फिरलं. पण बाबा पाहुण्यांपुढे मान खाली घालून उभे होते, म्हणून मी राग गिळला.

लग्नात तांदळाचं ताट समोर आलं. त्यात नवऱ्यानं अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं असतं. आमचे हे ताटाकडे बघतात, आईकडे बघतात, माझ्याकडे मात्र नाही! मला रडूच फुटलं. ज्या बाईनं आईला आणि मला जगवलं, तिची एवढीच तर आठवण माझ्याजवळ होती.

"काऊन रडून राह्यली वं?" सासूबाई म्हणाल्या. "माझंबी बदललं होतं. मेली का मी?"

"मग आई, तुमचं पहिलं नाव काय होतं?" खरं सांगते, टोचायलाच विचारलं.

त्या बोलायला गेल्या नि थांबल्या. मग हळूच एक नाव सांगितलं.

शेजारी उभे असलेले सासरे म्हणाले, "हो हो, असंच काईतरी होतं."

सासूबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग ताट लेकापुढे सरकवलं. "लिही. जे हाये तेच लिही."

दुसऱ्या दिवशी मी चहा ठेवला होता, तर त्या मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हटलं, आता निघतं कालचं उट्टं.

"काल सांगितलं ते नाव एकदा म्हन बरं."

"कोणतं?"

"माझं वं."

सासूचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं. मी घेतलं.

"पुन्हा म्हन," त्या म्हणाल्या.