भाऊ बोटीवर गेला, अजगर राहिला

माझा धाकटा भाऊ बोटीवर नोकरीला गेला आणि त्याचा अजगर माझ्याकडे राहिला. बोट म्हणजे प्रवासी घेऊन देशोदेशी फिरणारं मोठं जहाज. तिथे त्याला स्वयंपाकघरात काम मिळालं. त्याआधी तो मांद्र्याला एका गेस्टहाऊसमध्ये होता. तिथे दर हंगामात राहायला येणाऱ्या एका माणसाने कायमचा मुक्काम हलवताना हा अजगर त्याच्या हवाली केला होता. आफ्रिकेतली जात, बॉल पायथन. घाबरला की डोकं आत घेऊन अंगाचा चेंडू करतो, म्हणून ते नाव.

आम्ही मूळचे दोडामार्गकडचे. आमचे वडील, आबा, खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून मुळगावात आले आणि इथलेच झाले. खाणी बंद पडल्या, आबांनी पुढे घेतलेला स्वतःचा ट्रक दारात उभा राहून गंजला. आई त्याच्या आधीच गेली होती. मी डिचोलीला कापडाच्या दुकानात बिलं करते. माझं लग्न दोनदा ठरता ठरता राहिलं, मग कोणी विषय काढेनासं झालं.

भावाने काचेची मोठी पेटी आणून जनेलातल्या उन्हापासून लांब, मेजावर ठेवली तेव्हा आबा उंबऱ्यातच थांबले.

"ह्या जनावर घरात नको माका."

"आबा, ह्याला विष नसतं. चावतसुद्धा नाही सहसा."

"मगे तुझ्यावांगडा बोटीर घेऊन जा!"

भाऊ हसला आणि मला समजावू लागला. पेटीच्या एका बाजूखाली गरम पट्टी, दुसरी बाजू गार. दोन्हीकडे लपायला जागा, कारण उघड्यावर राहिला तर हा भीतीने खाणंच सोडतो. खाली नारळाच्या काथ्याचा भुसा, किंचित ओलसर. वाडग्यात स्वच्छ पाणी. खायला पांढरे उंदीर, तेही गोठवलेले. कोमट पाण्यात सैल करून चिमट्याने पुढे धरायचे.

"चवथीला येतो मी ताई, गणपतीला. तोवर सांभाळ."

फ्रिजमध्ये सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, शेजारी उंदरांचा डबा आला, त्या दिवसापासून आबांनी फ्रिजमधल्या मासळीचं तोंड पाहिलं नाही. मी स्वतःही सुरुवातीला चिमटा जमेल तितका लांबून धरायचे. पण तो अलगद पुढे यायचा, जीभ आत-बाहेर करायचा, आणि एका झटक्यात उंदराभोवती वेढा पडलेला असायचा. दुकानातून दमून आल्यावर मी कदेल ओढून पेटीसमोर बसायला लागले. घरात दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं.

थंडीत त्याने पहिली कात टाकली. आधी अंगाची नक्षी मळकट झाली, मग डोळ्यांवर निळसर दुधी पडदा आला. मी घाबरून भावाला मेसेज केला. बोटीवर नेट कधी असतं, कधी नसतं. उत्तर आलं तोवर डोळे पुन्हा स्वच्छ झाले होते. 'आता टाकेल. हात लावू नको,' एवढंच त्याने लिहिलं होतं. सकाळी बघते तर अख्खी कात मोज्यासारखी उलटी होऊन पडलेली, डोळ्यांवरच्या गोल चकत्यांसकट. आणि तो नवा कोरा, तपकिरी-सोनेरी. मी आबांना हाक मारली. ते पहिल्यांदाच पेटीपाशी आले आणि बराच वेळ बघत राहिले.

"बरां दिसता," ते म्हणाले. वर्षभरातलं तेवढंच एक चांगलं आठवतं मला.

पावसाळ्यात सगळं बिनसलं. आमच्याकडे वीज गेली की कधी येईल ते सांगता येत नाही. गरम पट्टी बंद पडायची, भुशाला बुरशी धरायची. मी भुसा काढून कागद घातला, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवल्या. कामावर गेले की बाटल्या आबा बदलायचे. गुडघे दुखतात म्हणून एरवी चहालाही न उठणारा माणूस.

अजगराने खाणं सोडलं. उंदीर पुढे धरला की तोंड फिरवायचा. संध्याकाळी आले की आबांना विचारायची गरज नसायची. तेच आतून सांगायचे, "नाय खाल्ल्यान."

मग डोळे पुन्हा दुधी झाले. या वेळी कात अखंड निघालीच नाही. भिजलेल्या कागदासारखे तिचे तुकडे अंगाला चिकटून राहिले. मी बालदीत कोमट पाणी घेऊन त्याला त्यात ठेवायचे, ओल्या टॉवेलमधून हळूहळू सरकू द्यायचे. अंगावरची कात सुटली, शेपटीच्या टोकाचीही सुटली. एका डोळ्यावरची चकती मात्र तशीच राहिली. ती ओढायची नसते, ओढली तर डोळा जातो. मी ओढली नाही.

मग तो डोकं वर करून, तोंड अर्धवट उघडं ठेवून श्वास घ्यायला लागला. श्वासाला बारीक शिट्टीसारखा आवाज. तोंडाच्या कडेला फेस. डिचोलीच्या डॉक्टरांकडे उशीच्या अभ्र्यात घालून नेला. ते गाई-कुत्र्यांचे डॉक्टर, मला सरळ म्हणाले, "मी असला कधी हाताळलेला नाही. पणजीला न्या." पणजीच्या डॉक्टरांनी छातीचा संसर्ग सांगितला. गारठा आणि ओल. इंजेक्शनं दिली, ती कशी टोचायची ते मला शिकवलं.

"बरा होईल ना?" मी विचारलं.

"खात असता तर आशा होती. घरी ऊब द्या."

मी इंजेक्शनं टोचली, ऊब दिली. दरम्यान भावाचा फोन आला. कंपनीने थांबायला सांगितलंय, चवथीला जमणार नाही. मी अजगराचं सांगायला तोंड उघडलं तर मागून त्याला कोणीतरी कामाला हाक मारली. त्या वर्षी गणपतीवरची फळापानांची माटोळी शेजारच्यांनी येऊन बांधून दिली. गणपती गेल्यावर घर होतं त्याहून रिकामं वाटलं.

अजगर गेला तेव्हा मी दुकानात होते. आबांनी फोन केला आणि नुसतं म्हणाले, "ये गो." घरी पोचले तर त्यांनी त्याला पेटीतून बाहेर काढून मांडीवर घेतलेलं, बाटलीचं फडकं त्याच्या अंगावर. कधी हात न लावलेला माणूस. ट्रकच्या पलीकडे आम्ही खड्डा काढला. जमीन जांभ्या चिऱ्याची, कुदळ लागेना. आबांना खाली बसता येत नव्हतं आणि मला एकटीला जमत नव्हतं. खड्डा म्हणावा तेवढा खोल झालाच नाही. वर दगड ठेवले.

भावाला कसं सांगायचं याची मी मनात किती जुळवाजुळव केली होती. सांगितलं तर तो म्हणाला, "जाऊ दे ताई. सुटलीस तू एका व्यापातून." मग म्हणाला की तिथे आणखी एक करार मिळतोय, आणि तो घ्यायचं त्याच्या मनात आहे. आवाज खुशीत होता. मी "घे" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

फोन ठेवल्यावर आबांना वाढायला घेतलं. ते कदेलावरूनच बघत होते.

"काय म्हणता तो? कधी येतलो?"

"बोलला नाही तसं काही," मी म्हणाले, आणि त्यांच्या ताटात आमटी वाढली.