धागा तुटतो तिथे थांबणाऱ्या शरयूताई

डॉ. शरयू हर्डीकर यांची आणि माझी पहिली भेट जर्मनीत, कायझर्सलाउटर्नमधल्या जर्मन भाषेच्या संध्याकाळच्या वर्गात झाली. माझे पती समीर यांच्या सॉफ्टवेअरमधल्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून नुकतेच इथे आलो होतो. त्या दिवशी वर्गात प्रत्येकाने आपला व्यवसाय जर्मनमध्ये सांगायचा होता. मी 'हाउसफ्राऊ', म्हणजे गृहिणी, एवढेच म्हणून खाली बसले. आपल्या संशोधनसंस्थेत नवख्या लोकांना कोणती कामे मिळू शकतात, हे सांगायला शरयूताई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. वर्ग सुटल्यावर त्यांनी यादीतले माझे आडनाव पाहून थेट मराठीत चौकशी केली, की इथे येण्याआधी मी काय करत होते. मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केले होते, कॉलेजात शिकवलेही होते. ते ऐकून त्या म्हणाल्या, "मग ते सांगायचं ना! हाउसफ्राऊ म्हणालीस ते खोटं नाही, पण अर्धंच आहे."

थोड्याच दिवसांत मी त्यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. आज त्यांच्या षष्ट्यब्दीपूर्तीच्या या ग्रंथासाठी लिहिताना माझ्या लक्षात येते, की माझ्या आयुष्याचे दुसरे पर्व त्या एका वाक्यापासून सुरू झाले.

ज्या वाचकांना या कामाची ओळख नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. उंदराच्या डोळ्यातला प्रकाश टिपणारा जो पडदा असतो, त्यातल्या चेतापेशी एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत, याचा नकाशा काढणे हे शरयूताईंचे काम. मोहरीच्या दाण्याहून लहान असा त्या पडद्याचा तुकडा घ्यायचा, हिऱ्याच्या सुरीने त्याचे अतिशय पातळ काप करायचे, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकेका कापाचे चित्र घ्यायचे. मग संगणकावर एका चित्रातून पुढच्या चित्रात जात एकाच पेशीची फांदी शोधत राहायचे. दोन पेशी जिथे भेटतात तिथे गडद रेघ दिसते आणि रेघेच्या एका बाजूला बारीक फुगे दाटलेले असतात. ती चेतासंधी. एक पेशी दुसरीला निरोप देते ती जागा.

मला हे पहिल्या आठवड्यात काही केल्या जमेना. रविवारी शरयूताईंनी आम्हाला जेवायला बोलावले. त्यांचे यजमान विनायकराव गेर्लिंगेनला अभियांत्रिकी कंपनीत आहेत. आठवडाभर तिकडे राहून ते शुक्रवारी घरी येतात, त्यामुळे त्यांच्याकडे पाहुणे रविवारीच. ताईंनी उकडलेला अळूवडीचा उंडा घेतला, त्याच्या चकत्या कापून ताटात ओळीने मांडल्या आणि मला सांगितले, की यातले एक पान पहिल्या चकतीपासून शेवटच्या चकतीपर्यंत शोधत जा. मला ते जमले. मग त्यांनी मधली एक चकती उचलून खाऊन टाकली आणि विचारले, "आता सांग, हे पान पुढं कुठं गेलं?"

मी बोटाने दाखवले.

"हा अंदाज झाला. धागा तुटला की तिथं थांबायचं आणि 'माहीत नाही' असं लिहायचं. आमच्याकडे त्याला कमीपणा मानत नाहीत."

एवढ्यात विनायकरावांनी आणखी दोन चकत्या उचलल्या, आणि त्या उंड्याचा नकाशा कायमचा अपुरा राहिला.

प्रयोगशाळेत आम्हा फांद्या शोधणाऱ्यांमध्ये बरेचसे विद्यार्थी होते. महत्त्वाची प्रत्येक फांदी तिघांकडे स्वतंत्रपणे जाई. दुसऱ्या दोघांनी काय ठरवले हे कुणालाच कळत नसे. कधी त्या तिघांत स्वतः शरयूताई असत, आणि त्यांचे उत्तर इतर दोघांपेक्षा वेगळे आले तर बाकीच्यांसारखेच त्यांनाही पुन्हा पाहावे लागे. हा नियम त्यांनीच घातला होता.

त्यांच्या सच्चेपणाचा अनुभव माझ्या सासूबाईंनाही आला. एका उन्हाळ्यात त्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या. सून दिवसभर काळी-करडी चित्रे बघते, हे त्यांना काही पटेना. शरयूताईंनी त्यांना आवर्जून प्रयोगशाळेत बोलावले, खुर्ची दिली आणि निवांतपणे सगळे दाखवले. सासूबाईंना काचबिंदू आहे. सगळे पाहून झाल्यावर त्यांनी विचारले, "अहो, यानं माझा डोळा बरा होईल का?"

होईल की, एवढे म्हणणे सोपे होते. शरयूताई त्यांच्याजवळ वाकून म्हणाल्या, "नाही हो काकू. तुमच्यासाठी डॉक्टरांचे थेंबच. ते न चुकता घाला. आमच्या कामाचा उपयोग झालाच तर मुक्ताच्या नातवंडांना होईल." मुक्ता म्हणजे माझी मुलगी. घरी येताना सासूबाई म्हणाल्या, बाई खोटं बोलत नाही. त्यानंतर माझ्या नोकरीबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही.

आता एक प्रसंग. गौरवग्रंथात तो असावा की नसावा, असा मला प्रश्न पडला होता. मी शरयूताईंनाच विचारले. त्या म्हणाल्या, "तोच लिही. बाकीचं लोक लिहितीलच."

गेल्या दशकाच्या मध्यावर पेशी आपोआप शोधणारे प्रोग्रॅम आले. आमच्याकडचा प्रोग्रॅम योनास या तरुण संशोधकाने तयार केला होता. आम्ही महिनोन् महिने जे करायचो, ते तो दिवसांत करू लागला. फांद्या शोधणाऱ्यांत चुळबुळ सुरू झाली. शरयूताईंनी सगळ्यांना बसवून सांगितले, की हे यंत्र त्या थांबवणार नाहीत, आणि कुणाला वाऱ्यावर सोडणारही नाहीत.

त्याच वर्षी प्रोग्रॅमने एक विलक्षण पेशी दाखवली. तिच्या फांद्या पडद्याच्या दोन दूरच्या थरांत पसरल्या होत्या. अशा जोडणीची पेशी तोवर कुणी वर्णिली नव्हती. असे काहीतरी असावे, अशी शरयूताईंची तरुणपणापासून अटकळ होती. शरद ऋतूतल्या परिषदेत त्यांनी ती पेशी दाखवली. टाळ्या पडल्या, अभिनंदने झाली, आणि प्रकल्पाच्या मुदतवाढीचा अर्जही त्याच पेशीभोवती लिहिला गेला.

हिवाळ्यात लेख लिहिताना त्या एका जागी अडल्या. दोन थरांना जोडणारा भाग फार बारीक होता आणि तिथले काही काप धूसर होते. त्यांनी नेहमीप्रमाणे तो भाग तिघांकडे पाठवला. कोणत्या पेशीचा आहे ते सांगितले नाही. त्या तिघांत मी होते. तिघांचेही उत्तर एकच आले. फांदी धूसर कापांपाशी संपते, आणि पलीकडून सुरू होते ती दुसरीच पेशी. मग शरयूताईंनी स्वतः पाहिले. पुन्हा पाहिले. त्यांनाही तेच दिसले.

योनास घाबरून गेला होता. त्याचा करार त्याच मुदतवाढीवर अवलंबून होता. लेख अजून छापला गेलेला नव्हता. पेशीचा उल्लेख गाळला असता तर गोष्ट हळूहळू विसरली गेली असती, असे काहींनी सुचवलेही. शरयूताईंनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि मुदतवाढीच्या अर्जात स्वतःहून दुरुस्ती पाठवली.

पुढच्या शरदात त्याच परिषदेत त्यांचे भाषण होते. मी आणि योनास शेजारी बसलो होतो. त्यांनी पहिल्याच चित्रात ती पेशी दाखवली आणि जर्मनमध्ये साध्या शब्दांत सांगितले, "गेल्या वर्षी ही एक पेशी आहे असं मी इथं म्हणाले होते. या दोन पेशी आहेत. चूक प्रोग्रॅमची नाही. न तपासता मी बोलले, म्हणून ती माझी आहे." योनासने मान खाली घातली होती, ती हळूच वर केली.

मग दुसऱ्या एका प्रयोगशाळेतल्या ज्येष्ठ बाई उठल्या. त्यांनी विचारले, की ही चूक तुम्ही पकडली कशी, कारण आमच्याही नकाशात अशी एक पेशी आहे आणि आता मला तिची शंका येते आहे. चहाच्या सुट्टीतही शरयूताईंभोवती लोक होते, आणि कुणी सांत्वन करत नव्हते. सगळे पद्धत विचारत होते.

परतीच्या गाडीत मात्र त्या खिडकीला डोके टेकून बसल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "फार आवडली होती गं मला ती पेशी."

मुदतवाढ काही महिने अडकली, पण मिळाली, आणि योनासचा करारही टिकला. त्या ज्येष्ठ बाईंच्या प्रयोगशाळेशी आमचे संयुक्त काम सुरू झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत शरयूताईंनी मला खोलीत बोलावले. प्रोग्रॅम नेमका कुठे फसतो, हे ओळखण्याच्या रीतीवर मी पीएच.डी. करावी, असे त्यांचे म्हणणे होते. मी माझे वय सांगितले, घर सांगितले, कच्चे जर्मन सांगितले. त्या मध्येमध्ये 'गेनाऊ, गेनाऊ', म्हणजे 'बरोबर, बरोबर', असे म्हणत सगळे ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "आल्झो, तर मग अर्ज सोमवारपर्यंत दे." घरी मुक्ताला सांगितले तेव्हा ती जर्मनमध्येच म्हणाली, की मग आपण दोघी एका टेबलावर गृहपाठ करू. आम्ही तसा तो केलाही. गेल्या वर्षी माझी तोंडी परीक्षा झाली. त्या दिवशी विनायकराव रजा घेऊन गेर्लिंगेनहून आले होते, आणि सासूबाईंनी पुण्याहून फोनवर आधी शरयूताईंचे अभिनंदन केले, मग माझे.

शरयूताई आता साठ वर्षांच्या झाल्या. रविवारी जंगलातल्या चढावर त्या अजून आमच्या पुढे असतात. प्रयोगशाळेत नुकतीच एका नव्या, मोठ्या तुकड्याची कापणी सुरू झाली आहे. त्याचा नकाशा पुरा व्हायला किती वर्षे लागतील, हे त्यांनाही सांगता येत नाही. तेवढी सगळी वर्षे, आणि त्यावर स्वस्थ बसून तो नकाशा न्याहाळण्यासाठी आणखी कितीतरी, त्यांना निरोगी शरीराने, शाबूत नजरेने आणि विनायकरावांच्या सोबतीने लाभोत, अशी त्यांच्या आम्हा सर्व विद्यार्थ्यांची मनापासून प्रार्थना आहे.