अंधारखोलीतलं पान

माझ्या नुसत्या नजरेनं उजेडाचे कण वाट बदलतात. घरात मात्र मी कितीही डोळे वटारले तरी मांजर दुधावरून हलत नाही.

मी बनारसच्या एका कॉलेजात शिपाई, शाळेचं तोंड न पाहिलेला. तिथं अंधारखोलीत प्रयोग करणारे सर आपल्यातलेच, ब्रह्मा घाटावरच्या मराठी वस्तीतले. गालात कायम पान. बोलायचं झालं की हनुवटी वर करणार आणि रस सांभाळत बोलणार. भल्याभल्यांसमोरही पान थुंकायचे नाहीत. एकदा मला म्हणाले, "उजेडाचा एकेक कण सोडतोय बघ. तो कुठून जातो हे बघायला गेलं की त्याची चालच बदलते. का बदलते, तेच शोधतोय."

मला काही राहवेना. दुपारी विडी ओढत हळूच आत शिरलो आणि डोळे फाडून बघितलं. सरांचं तीन दिवसांचं काम मातीत गेलं.

कॉलेजचे मोठे साहेब तणतणत आले. "दरवाजा किसने खोला? आज उसकी नौकरी गई!"

सर शांतपणे दाराबाहेरच्या खिडकीशी गेले, तोंडातलं पान थुंकले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "मैंने खोला."

साहेब गेल्यावर मी सरांचे पाय धरले. "सर, माझ्या नजरेत एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं हो!"

"नजर कसली, गाढवा? तुझ्या विडीच्या उजेडानं घात केला. आणि माझं पान गेलं ते वेगळंच."