कोळीसर आणि बादलीतली बाई

कोळीसरांना कोळ्यांची भीती नव्हती, जेसीबीची होती. कॉलेजात तास चालू असताना बाहेर तो घरघरला, की खडू हातातच राहायचा. “कुठला माळ गेला हो?” असं पहिल्या बाकाला विचारायचे. पुण्याला तेव्हा आयटी पार्कांचं वेड लागलं होतं, त्यामुळे बिचाऱ्यांना उसंत नव्हती. मी त्यांची विद्यार्थिनी, पण मला मात्र त्यांच्या प्रयोगशाळेचीच धडकी भरायची. कपाटभर बाटल्या, आणि प्रत्येकीत स्पिरिटमध्ये आठ पाय. शी!

बिळाला झाकण लावून राहणाऱ्या कोळ्यांच्या कुळावर त्यांचा जीव. इतर कोळ्यांची पिल्लं धाग्यावर वारा पकडून कुठल्या कुठे जातात. यांची पिल्लं आईच्या दारापासून चार पावलं चालतात आणि तिथेच बीळ खणतात. त्यामुळे एखादी जात एकाच माळावर सापडते. “शेजारच्या टेकडीवर पाऊल टाकणार नाहीत, आणि आफ्रिकेत चुलते आहेत,” सर म्हणायचे. “दोन्हीकडची जमीन जोडलेली होती तेव्हाचे. आमच्या सदाशिव पेठेतही असलीच माणसं राहतात.”

खराडीच्या माळावर त्यांना एक नर सापडला होता. माहीत असलेल्या कुठल्याच जातीत तो बसेना. मादी पाहिल्याशिवाय नवी जात जाहीर करायला सर तयार नव्हते, आणि मादी तर जन्मभर बीळ सोडत नाही. अशात माळाला पत्र्याचं कुंपण पडलं.

सर आणि मी पोचलो तेव्हा जेसीबी उतार खात होता. सर त्याच्यासमोर सरळ पालथे पडले आणि फुंकर मारत झाकणाची कड शोधू लागले. “सर, उठा ना हो!” मी रडकुंडीला आले. ड्रायव्हर ओरडला, “ओ काका, मरायचंय का?” सरांनी मान न वळवता हात वर केला. “थांबा हो, बाईमाणूस आहे आत!” तो बिचारा इंजिन बंद करून धावत आला.

झाकणाखाली खरंच मादी होती. कोळ्याची जात शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली ठरते, आणि त्यासाठी त्याला मारावं लागतं. सरांनी ते आयुष्यभर केलं होतं. हिला मात्र त्यांनी बिळासकट, मातीच्या ढेकळासकट बादलीत घेतलं. माळ सपाट झाला. दुसरं बीळ मिळालं नाही.

“नाव द्यायची घाई काय आहे?” सर म्हणाले. “मरेल तेव्हा देऊ. मी आधी गेलो, तर तुम्ही द्या.”

सरच आधी गेले. काकूंनी सरांचा सूक्ष्मदर्शक आणि ती बादली माझ्या हातात दिली. “ने बाई ही माझी सवत. रोज सकाळी काडी लावून हिची चौकशी. माझी कधी केली नाही!” असं म्हणाल्या आणि घळाघळा रडल्या.

तेव्हापासून ऑफिसला निघण्याआधी मी झाकणाच्या कडेला गवताची काडी लावते. ती आतून झाकण गच्च ओढून घेते. अंगावर सर्रकन काटा येतो, आणि जिवात जीवही येतो.

आज काडी लावली, झाकण हललं नाही. पुन्हा लावली. टेबलावर सरांचा सूक्ष्मदर्शक आहे, स्पिरिट आहे. झाकण उचललं की जात ठरेल, आणि ती जात संपलेलीही असेल. छे, हात पुढे होईना.

“ओढ गं,” मी झाकणाशी तोंड नेऊन म्हटलं. “एकदा ओढ.”