आय केम, सर

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी इंग्रजीत नापास झालो. बाकीचे विषय सुटले होते, त्यामुळे ऑक्टोबरला तेवढा एक पेपर पुन्हा द्यायची सोय होती. निकाल घेऊन गावी, तोंडवलीला पोचलो तेव्हा वडील पावसाळ्यासाठी रापण गुंडाळून ठेवत होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून पुष्कळ माणसांनी मिळून ओढायचं लांबलचक जाळं. त्यात आमच्या घराचा वाटा होता, आणि मी शिकायला गेल्यापासून दोरीला आमच्याकडचा एक माणूस कमी पडत होता. वडील जाळ्यावरून नजर न काढता म्हणाले, "ऑक्टोबरात पास झालंस तर परत जा. नाय झालंस तर रापणीर ये."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. माझं नेमकं काय चुकतं, हे घरात कोणाला विचारण्याची सोय नव्हती. चौथीपुढे गेलेला त्या घरातला मी पहिलाच.

आमच्या वेळी शाळेत इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं. कॉलेजात मात्र सगळंच इंग्रजीत. पहिल्याच महिन्यात प्राध्यापकांनी मला फळ्याजवळ बोलावलं. मी मागच्या बाकावर अडकलो होतो. दोघांचे पाय ओलांडल्याशिवाय बाहेर पडता येत नव्हतं. ते वाट बघताहेत हे पाहून मी घाईने म्हणालो, "आय केम, सर."

प्राध्यापकांनी शांतपणे विचारलं, तू आलास, मग दिसत कसा नाहीस? वर्ग हसला. त्या दिवसापासून वसतिगृहाच्या जिन्यात, मेसमध्ये, नळावर, मी दिसलो की कोणीतरी म्हणायचं, "आय केम इला रे."

मला त्या हसण्यापेक्षा वेगळीच गोष्ट खुपत होती. मी काय चुकीचं बोललो होतो? आमच्याकडे कोणी हाक मारली की माणूस जागचा हलायच्या आधीच "इलंय" म्हणतो. म्हणजे आलो. त्यात खोटं काही नसतं. येणार हे इतकं नक्की असतं, की आलोच समजा. इंग्रजीत मात्र आलेला माणूस समोर उभा लागतो.

त्या पावसाळ्यात मी मालवणात एका निवृत्त हायस्कूल मास्तरांकडे जाऊ लागलो. वडिलांनी कोणाच्या तरी ओळखीने शब्द टाकला होता. मास्तर फी घेत नसत. मधे खाडी होती. काठावरून हाक मारली की पलीकडचा होडीवाला "इलंय" म्हणून ओरडायचा आणि माडाखाली बसून विडी संपवायचा. मी छत्री धरून उभ्याउभ्या घोकायचो: गो, वेन्ट, गॉन, कम, केम, कम. हा शेवटचा कम परत पहिल्यासारखा का होतो, हे मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, "ते तसंच असतं. पाठ कर."

पाठांतराला मी कधी भ्यालो नाही, पण ती क्रियापदं एका जागी थांबत नव्हती. 'आय'ला 'वॉज' लागतो हे मी महिनाभर घोकून पक्कं केलं. मग एके दिवशी मास्तरांनी संकेतार्थ काढला आणि 'आय'ला 'वर' लावला. इफ आय वर अ किंग. मी राजा नाही, कधी नव्हतो, पुढेही होणार नाही, तरी क्रियापद भूतकाळाचं. मी बाकावरून येतोय तेव्हा भूतकाळ चालत नाही, आणि जे कधी झालंच नाही त्याला चालतो. मी धीर करून तसं बोलून दाखवलं. मास्तरांनी चष्मा काढून पुस्तकावर ठेवला.

"तू मराठीत विचार करतोस," ते म्हणाले. "तिथंच तुझा घात होतो. मराठी दाराबाहेर ठेवून ये."

मग 'लाँग लिव्ह द किंग' आलं. 'लिव्ह'ला एस का नाही? तर म्हणे, ती इच्छा आहे, विधान नव्हे. इंग्रजांचं राज्य जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आमच्या व्याकरणाच्या पुस्तकात राजाला दीर्घायुष्य चिंतणं चालूच होतं. मला त्या राजाचा मनापासून राग आला.

सगळ्यात वाईट होतं ते 'झालं असतं तर'चं प्रकरण. इफला हॅड लावायचा की वुड हॅव, हे मी रोज शिकायचो आणि परतीच्या होडीत रोज उलटं करायचो. घरी आई विचारायची, "आज काय शिकलंस?" मी म्हणायचो, कालचाच. ती म्हणायची, होऊ दे हळूहळू. ऑक्टोबर मात्र हळूहळू येत नव्हता. रापण पुन्हा बाहेर पडली होती, आणि पहाटे वडील उठले की मी डोळे मिटून पडून राहायचो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी कॉलेजच्या गावी जायला मालवणातून दुपारची गाडी धरायची होती. खाडीवर येऊन हाक मारली. "इलंय," पलीकडून आवाज आला. होडी मात्र हलेना. मी पुन्हा हाक मारली, पुन्हा "इलंय". अखेर होडी लागली, मी धावत स्टँडवर पोचलो, तेव्हा गाडी सुटून गेली होती. होडीवाला मालवणच्या बाजारातच येत होता, माझ्या मागोमाग आला. मी त्याच्यावर भडकलो. "होडी वेळार इली असती तर माका गाडी गावली असती!"

त्याला माझा राग समजलाच नाही. "मी तुका इलंय म्हणान सांगलंय मा? मगे? इलंय नाय?"

कौलं भरलेल्या एका ट्रकमध्ये जागा मिळाली. कट्टा गावाच्या पुढे कधीतरी, धक्के खाताना, माझंच वाक्य परत आठवलं. इली असती तर, गावली असती. इफ द बोट हॅड कम, आय वुड हॅव कॉट द बस. दोन 'असती': पहिलीला हॅड, दुसरीला वुड हॅव, एकही जागची हलत नव्हती. ते माझ्या तोंडात आधीपासूनच होतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. जे घरात होतं ते दाराबाहेर ठेवून यायला मला अख्खा पावसाळा सांगितलं होतं, आणि मीही निमूटपणे ठेवून येत होतो.

पेपरात इफची वाक्यं आली. मी प्रत्येक वाक्य आधी मनात मालवणीत म्हटलं आणि मग लिहिलं. बाकीच्या प्रश्नांबद्दल खात्रीने सांगता येणार नाही.

मी पास झालो, जेमतेम. वडील "बरा झाला" म्हणाले आणि दोरीसाठी चुलत्यांना विचारायला गेले. मी मास्तरांकडे निघालो. वाटेत वाक्य तयार केलं: आय हॅव पास्ड, सर. अंगणातून हाक मारली. आतून मास्तर म्हणाले, "आलो, आलो."

मी उभा राहिलो. आत भांडं वाजलं, पाणी ओतल्याचा आवाज आला, कोणाशी तरी बोलणं झालं. अंगणातली माझी सावली पायरीपर्यंत गेली. मास्तर अजून आलेले नव्हते. मी ऐकत होतो, ते पुन्हा म्हणाले, "आलो रे." हसावं की ओरडावं, मला कळेना. तेवढ्यात ते धोतराला हात पुसत दारात आले आणि तयार केलेलं वाक्य मी विसरलो.

"आय पास्ड, सर," मी म्हणालो.

"हॅव," मास्तर म्हणाले. "हॅव पास्ड. ये, आत ये."