कौतुकाचा रकाना

मंडळी, माझ्या पीएचडीचा विषय आहे नेतृत्व. आज चिंचणीत दागिन्यांचे डाय, म्हणजे साचे, कोरणाऱ्या पांडुकाकांकडून प्रश्नावली भरून घेत होते.

"शेट तुमच्या कामाचं कौतुक करतात?"

"कदीच नाय. वीस वर्सांत एकदा पन नाय."

मी ‘कधीच नाही’वर खूण केली. शेटला शून्य!

तेवढ्यात शेट आले, बारीक नक्षीचं एक चित्र काकांपुढे ठेवलं आणि न बोलता गेले. काका भिंग पुसत हसले.

"अवघड काम आलं का माझ्याच पुढ्यात टाकतात, ताई. दुसऱ्या कोनाला देत नाय."

मी खूण खोडली. पण दुसरी करू कुठे? त्या हसण्यासाठी रकाना मीच ठेवला नव्हता.

तुमचे साहेब न बोलता कौतुक कसं करतात? सांगा, मला प्रश्नावली नव्याने लिहायचीय.