कितवं ते आधी विचारा

रोज सकाळी तोंड धुतलं की मावशी उंबरठ्यावर बसून नखं कापायच्या. वाढलेली असोत नसोत. मग कानशीने कडा घासायच्या आणि मलमलीच्या जुन्या तुकड्यावरून दहाही बोटं फिरवायच्या. धागा कुठे अडकला, तर ते बोट पुन्हा कानशीखाली. नव्याने घरात आलेल्या सुनेला हा प्रकार विचित्रच वाटला होता. तिने विचारलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "अडलेल्या बाईला त्या वेळी आईबापही आठवत नाहीत. पण सुईणीचं नख लागलं, तर ते मरेपर्यंत विसरत नाही ती."

अडतीस वर्षं गल्लीतली बाळंतपणं मावशींनी केली. शेवटची अकरा सून त्यांच्या हाताखाली होती. मुलगा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. त्यामुळे घरात राज्य या दोघींचंच. सुनेने सासूकडून हात शिकून घेतला आणि सासूला अक्षरं आणि सही शिकवली. भाजी निवडता निवडता, पाटीवर. शेवटच्या अक्षराची शेपटी कायम वाकडी जायची. "वाकडी तर वाकडी, माझी आहे ना," मावशी म्हणायच्या. आरोग्य कार्यालयाने सुईणींना शिकवून परवाने द्यायला सुरुवात केली, तेव्हा पहिला परवाना त्यांनी याच वाकड्या शेपटीने घेतला.

दारात कोणी धावत आलं की मावशींचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "कितवं?" पहिलं असेल तर चहा घेऊन निघायचं. दुसरं असेल तर चहा राहू द्यायचा. तिसरं असेल तर चपलासुद्धा राहू द्यायच्या.

शिंप्याच्या बायकोचं तिसरं होतं. तिच्या अंगात रक्त कमी, म्हणून मावशींनीच दोन महिने आधी बजावलं होतं, "हे घरी नको. इस्पितळात जायचं." कळा सुरू झाल्या तशी ती सकाळी नऊला इस्पितळात गेलीही. खिडकीतल्या बाईने तपासायला पाठवलं, तपासणाऱ्या बाईने सांगितलं, "पिशवीचं तोंड दोनच बोटं उघडलंय. खाट रिकामी नाही. संध्याकाळी या." कितवं, हे कोणी विचारलं नाही.

पावणेबाराला मावशी आणि सून शिंप्याच्या खोलीत अनवाणी पोचल्या, तेव्हा बाई कापड कापायच्या टेबलाला धरून उभी होती. टेबलावर इस्पितळाचंच हिरवं कापड पसरलेलं. शिंपी इस्पितळाचे गाऊन शिवायचा.

"मावशी, तेवढं कापड उचलतो. डाग पडला तर घेणार नाहीत."

"उचल. बायको राहू दे, कापड उचल."

मूल दहा मिनिटांत आलं. मुलगी. वारही पूर्ण पडली. पण रक्त थांबेना. सुनेने बाळ छातीशी लावलं, मावशींनी बाईचं ओटीपोट चोळायला घेतलं, आणि रिक्षा येईपर्यंत, रिक्षात बसल्यावर, इस्पितळाच्या पायऱ्या चढताना त्यांची मूठ त्या पोटावरून हलली नाही. पुढचं काम डॉक्टरांनी केलं. बाई वाचली.

आणि इस्पितळाच्या कागदावर लिहिलं गेलं : सुईणीने दाखल करण्यास विलंब केला.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी. सकाळी नऊला बाई येऊन गेल्याची नोंद कुठेच सापडेना. मावशींचा परवाना अडकवून ठेवला गेला. आरोग्य कार्यालयातला साहेब वाईट नव्हता; त्याला फाईल बंद करायची होती, एवढंच. त्याने कागद पुढे सरकवला. "चूक झाली, असं मान्य करा. ताकीद देऊन परवाना परत करतो. एका ओळीचा तर प्रश्न आहे, मावशी."

"एकच ओळ आहे तर तुमच्या नावाने लिहा," मावशी म्हणाल्या.

शिंप्याने खरं सांगितलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. मावशी त्याच्या दारात गेल्या. तो मशीनवरून उठला नाही. "मावशी, गाऊनचं काम त्यांच्याकडूनच येतं. मी तोंड उघडलं तर खायचं काय आम्ही?" पडद्याआड बाळ रडत होतं, आणि बाळाची आई काही बोलत नव्हती.

"तुझ्या पोरीला मोठी झाल्यावर सांग," मावशी म्हणाल्या, "तू जन्मलीस तेव्हा मी कापड उचलत होतो."

त्या महिन्यात गल्लीत चार बायकांचे दिवस भरत आले होते. सुनेचा परवाना मावशींच्या हाताखालचा, त्यामुळे तोही अडकलेला. बायका दाराशी येऊन विचारायच्या, परत जायच्या. एक तर पायरीवर बसून रडलीच. सुनेला वाटलं, एका ओळीसाठी एवढा हट्ट कशाला. ती गुपचूप कार्यालयातून कागद घेऊन आली आणि स्वतःच शिकवलेली सही स्वतःच केली. वाकड्या शेपटीसकट.

परवाना आठवड्यात आला. वर लाल शिक्का : चूक मान्य, ताकीद.

सोबत सही केलेल्या कागदाची प्रत होती; मावशींनी ती हातात घेऊन सही निरखली. आवाज चढला नाही. चढला असता तर सुनेला बरं वाटलं असतं.

"शेपटी चांगली जमली तुला," त्या म्हणाल्या. "आता यापुढे तूच जात जा."

"आई, त्या बायकांचं काय झालं असतं?"

"तुझी सही चालते ना तिकडे? जा मग."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उंबरठ्यावर बसल्या नाहीत. त्यांनी नखं वाढू दिली, आपोआप तुटतील तेवढीच तुटू दिली. भाकरी थापताना पिठात नखांच्या चंद्रकोरी उमटायच्या, आणि सुनेला तो घास गिळवत नसे. शिव्या दिल्या असत्या तर तिने उलटून चार ऐकवल्या असत्या. नखांना काय ऐकवणार?

सुनेचा राग मग वाट मिळेल तिकडे निघाला. ज्या बाईचं घरी निभणार नाही, तिला ती स्वतः इस्पितळात न्यायची आणि खिडकीवर हात आपटायची : "बोटं नंतर मोजा. कितवं ते आधी विचारा." खाट मिळेपर्यंत हलायची नाही. कर्मचाऱ्यांनी तिचं नावच पाडलं, कितवंवाली. "आली बघा कितवंवाली, करा खाट रिकामी." गल्लीतल्या बायका हे मावशींना हसत हसत सांगायच्या. मावशी भिंतीकडे बघत ऐकून घ्यायच्या.

चार वर्षं अशी गेली. मग मावशी अंथरुणाला खिळल्या. त्यांना भरवताना ती नखं सुनेच्या मनगटाला लागायची, आणि "कापू का, आई?" म्हटलं की हात पांघरुणात जायचा.

एका सकाळी सून उठली आणि आरोग्य कार्यालयात गेली. तिथे आता दुसरा साहेब होता. तिने लिहून दिलं : ती सही माझी आहे, सासूबाईंनी कधीच चूक मान्य केली नव्हती, कारण त्यांची चूक नव्हती.

साहेबाने दोनदा वाचलं. "फाईल कधीच बंद झालीय, बाई. आता हे घेतलं तर चौकशी होऊन परवाना तुमचा जाईल."

"जाऊ दे. घ्या, आणि मिळाल्याचा शिक्का मारून द्या."

शिक्का मारलेली प्रत तिने मावशींच्या हातात दिली. मावशींनी अक्षरावर बोट ठेवत ठेवत ती शेवटपर्यंत वाचली, घडी करून उशीखाली सारली. मग उजवा हात पांघरुणाबाहेर काढून सुनेच्या मांडीवर ठेवला.

सुनेने नेलकटर आणला. नखं जाड झाली होती, सावकाश कापावी लागत होती. डाव्या हाताची दोन उरली असताना दार वाजलं. गवंड्याचा भाऊ धापा टाकत उभा होता. वहिनीला कळा लागल्या होत्या. सून नेलकटर टाकून उठलीच.

"कितवं?" अंथरुणातून आवाज आला.

"पहिलं, मावशी," भाऊ म्हणाला.

"मग पळतेस कुठे? ही दोन काप, आणि चहा घेऊन जा."